थुंकी आणि बेडका

९ जानेवारी

अश्विनीच्या मानेवरची गाठ टीबीची निघाली.

एवढं लिहिलं आणि उठून हात धुऊन आले. कोणी पाहिलं असतं तर हसलं असतं, पण धुतल्याशिवाय पुढे लिहवेना.

दिवाळीपासून सुनेच्या मानेला उजव्या बाजूनं सुपारीएवढी गाठ होती. माझ्या मुलानं, गजेंद्रनं, तिला आधी दातांच्या डॉक्टरकडे नेलं. मग कोणी गालफुगी म्हणालं, तर मी स्वतः हळदीचा लेप लावला. याच बोटांनी. शेवटी सरकारी दवाखान्यात सुई टाकून गाठीतलं पाणी काढलं आणि आज मी तिच्यासोबत रिपोर्ट आणायला गेले. डॉक्टरीणबाई वयानं अश्विनीएवढीच. म्हणते, "घाबरू नका. हा गाठीचा टीबी आहे, छातीचा नाही. यांचा छातीचा एक्स-रे साफ आहे. गाठीचा टीबी दुसऱ्याला लागत नाही. सहा महिने गोळ्या घेतल्या की बऱ्या होतील."

लागत नाही म्हणे. टीबी तो टीबी. या लोकांना दिवसभर तेच बघायचं असतं, यांची किळस मरून गेलेली असते.

दवाखान्याच्या जिन्यात प्रत्येक वळणावर तंबाखूच्या खर्र्याच्या पिचकाऱ्या. भिंतीला हात लागू नये म्हणून मी दोन्ही हात पदरात घेऊन उतरले. खाली एक म्हातारा खांबाला टेकून खोकत होता, आणि खोकून झाल्यावर त्यानं जे काही काढलं ते चपलेनं घासून टाकलं. बसमध्ये पुढच्या सीटवरचा माणूस खिडकीतून थुंकला, आणि वाऱ्यानं त्यातलं थोडं परत आत आलं. माझ्या कपाळावर. मलकापूर येईपर्यंत मी ओकारी दाबून बसले. घरी आल्यावर डोक्यावरून आंघोळ केली. गार पाण्यानं खोकल्याची मोठी उबळ आली, पण अंग स्वच्छ वाटलं.

माझा धंदा लोकांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूंचा आहे. पापड, कुरडया, तिखट. हे गेल्यावर मी तो उभा केला तो फक्त स्वच्छतेच्या नावावर. बेबीताईच्या पापडात केस सापडत नाही, हे दुकानदार सांगतात गिऱ्हाइकाला. या घरात टीबी आहे हे बाहेर कळलं तर कोण हात लावेल?

१० जानेवारी

व्यवस्था लावली. अश्विनीचं ताट, वाटी, पेला वेगळा. खाट वरच्या खोलीत, गच्चीला लागून. तिथे दोन्हीकडून वारा येतो, थंडी वाजेल, पण इलाज नाही. तिची भांडी तिनंच घासायची, वरून मी उकळतं पाणी ओतणार. दुर्वा माझ्याजवळ झोपणार.

"मम्मी, डॉक्टर म्हणल्या ना लागत नाही म्हणून," अश्विनी म्हणाली.

"डॉक्टरच्या घरी अडीच वर्षाचं लेकरू हाये का? तुले तुझ्या पोरीची फिकर नसन, मले हाये."

गजेंद्र मोबाइलमध्ये पाहत होता. त्याला कापसाच्या जिनिंगवरून आलं की भांडण नको असतं, जेवण पाहिजे असतं.

दुर्वा आईसाठी खूप रडली. मी खिडकी लावली, दार लावलं, तिला माझ्या पांघरुणात घेतलं आणि तोंडाला तोंड लावून चिमणीची गोष्ट सांगितली तेव्हा कुठे झोपली. माझ्या खोकल्यानं दोन-तीनदा दचकली. होईल सवय.

१५ जानेवारी

काल संक्रांत. हळदीकुंकू सून करते, मला ते करता येत नाही, म्हणून यंदा केलंच नाही. शेजारणींना सांगितलं, माहेरी गेली आहे. ती वर बसून होती आणि खाली मी खोटं बोलत होते, तेही सणाच्या दिवशी.

आज सकाळी संडासात गेले तर भांड्यात नारिंगी पाणी. मी ओरडलेच. रक्त वाटलं. अश्विनी वरून धावत आली, म्हणाली, "मम्मी, गोळ्यांनी लघवीला असा रंग येतो. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांनी." सांगितलं असेल. पण पाहावं मला लागलं. फिनेल ओतून ओतून बाटली संपवली. घासता घासता फिनेलच्या वासानं असा खोकला लागला की भिंतीला धरून उभी राहिले.

शिवाय गाठ फुटली आहे. उशीच्या अभ्र्यावर पिवळा डाग. तो अभ्रा मी चिमट्यानं उचलून जाळला. अश्विनी दारात उभी राहून पाहत होती. ती रडत नाही, नुसती पाहते. त्याचीसुद्धा मला चीड येते.

२० जानेवारी

टीबी विभागाचा माणूस घरी आला. नाव धम्मरत्न. मोटरसायकल बरोबर आमच्या फाटकासमोर उभी केली, साऱ्या गल्लीला दिसावी अशी. आत येऊन हेल्मेट ठेवलं ते थेट पापड वाळवायच्या चादरीवर. बोलता बोलता दोनदा फोन घेतला आणि अश्विनीला चुकून काजल म्हणाला. मी त्याला पाणी कागदी ग्लासात दिलं. दवाखान्यात फिरणारा माणूस, काय काय चिकटलेलं असेल. त्यानं ग्लासकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाणी न पिता ग्लास खाली ठेवला. भारीच मानी दिसतो.

"घरात कोणाला खोकला आहे का? दोन आठवड्यांच्या वर?"

"नाही."

"आजी खो खो करते," दुर्वा म्हणाली. माझ्या मांडीवरच बसली होती.

"ते तिखटाचं हाये," मी म्हणाले. "मिरची कांडून पाहा एक डाव, तुमीबी खोकसान."

तो हसला नाही. म्हणाला, "ताई, वहिनींच्या गाठीतला टीबी कोणाले लागत नाही हे खरं. पण वहिनींच्या अंगात तो आला कुठून? छातीचा टीबी असलेलं माणूस खोकलं, का बारीक कण हवेत उडतात. बंद खोली असली तर तिथेच तरंगत राहतात, तासंतास. दुसरा श्वास घेते, त्याच्यात जातात. ताटावाटीतून नाही जात. म्हणून आम्ही घरातले सारे तपासतो."

माझ्या घरात येऊन मला सांगतो की रोग माझ्या घरातून आला! अश्विनीचं माहेर साखरखेर्ड्याचं, तिकडच्या लग्नाकार्याला जाऊन आणला असेल तिनं. मी म्हणाले तसं. तो म्हणाला, असू शकते, तिकडेही तपासू, पण आधी तुमचा बेडका तपासू.

बेडका! हा शब्द त्यानं माझ्या बैठकीत, देवाच्या फोटोखाली बसून उच्चारला. झाकणाची डबी काढली आणि समजावून सांगू लागला. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, लांब श्वास घेऊन छातीतून खोकून काढायचा. थुंकी चालत नाही.

डबी मी कागदात गुंडाळून मोरीवर ठेवली आहे. तिच्याकडे पाहिलं तरी घशाशी येतं.

२१ जानेवारी

दिली एकदाची. नरडं खाकरून घाण काढायची आणि ती डबीत धरून पाहायची, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. माझ्या आईनं आम्हा बहिणींना खाकरूसुद्धा दिलं नाही कधी. आलेलं गिळायचं, बाईमाणसानं. मी तोंडात जमलं ते डबीत सोडलं, झाकण लावलं, हात धुतले.

अश्विनी तिची भांडी घ्यायला खाली आली होती. डबी उजेडाकडे धरून म्हणाली, "मम्मी, हे पाण्यासारखं आहे. थुंकी आहे ही. मला दवाखान्यात दाखवलं होतं, बेडका घट्ट असतो."

"तू आता मले थुकनं शिकव," मी म्हणाले.

ती डबी ठेवून वर गेली.

२४ जानेवारी

निगेटिव्ह! धम्मरत्नचा फोन आला. मी त्याला ऐकवलं, "आता समजलं ना घर कोनाचं हाये ते?" तो म्हणाला, ठीक आहे, पण सॅम्पल पातळ होतं, खोकला असेल तर एक्स-रे पण काढून घ्या, गुरुवारी शाळेजवळ मशीन येणार आहे. परक्या माणसांसमोर पाटीला छाती लावून उभी राहू? नाही गेले.

गजेंद्रला पेढे आणायला लावले. अश्विनीच्या ताटातही एक ठेवला. मी दुष्ट नाही.

६ फेब्रुवारी

सीझन सुरू झाला. आशाबाई आणि बाकीच्या तिघी सकाळीच येतात. मागच्या खोलीत पापड लाटायला बसतो. पंखा बंद, खिडक्या बंद. वारा लागला की लाटी सुकते आणि पापडाच्या कडा चिरतात. घाम निघतो, पण माल एकसारखा होतो. बायकांना मी डोक्याला रुमाल बांधायला लावते, नखं तपासते. आशाबाईचं नखं खायचं जुनं व्यसन आहे. तिला आज सगळ्यांसमोर बोलले. खरकटं तोंड आणि उडदाचं पीठ! शिसारी येते.

"बोला बाई बोला," आशाबाई म्हणाली. ती पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहे, मनावर घेत नाही. मग म्हणाली, "पन बेबीताई, तुम्ही लय वाळून राह्यल्या. बांगड्या पाहा, कोपरापावतर चालल्या."

खरं आहे. ब्लाऊज सगळे ढिले झाले. या वयात लोक वजन कमी करायला पैसे देतात, माझं कामानं होतं आहे. भूकही राहिली नाही. त्यात अश्विनीच्या खोलीतलं आठवतं आणि घास फिरतो तोंडात. पहाटे अंग घामानं ओलं होतं. दुर्वा अंगाला चिकटून झोपते, त्याची ऊब.

दिवसभर ठसका थांबत नाही. मी तोंडावर हात धरते, लगेच हात धुते, मग लाटीला लावते. माझ्यासारखी काळजी दुसरं कोण घेतं?

१४ फेब्रुवारी

आज जे पाहिलं ते लिहून ठेवते.

दुपारी काम आटोपून दुर्वाला शोधत गच्चीवर गेले. अश्विनीनं तिला मांडीत घेतलं होतं आणि आपल्या ताटातला वरणभात भरवत होती. आपल्या हातानं. घास फुंकून. दुर्वाच्या हनुवटीवर वरण, आणि आईनं ते बोटानं पुसून बोट चाटलं.

मी ताट उधळलं. नको ते बोलले. इतकं बोलले की श्वास लागला आणि खोकत जिन्यावर बसले.

अश्विनीनं दुर्वाचं तोंड धुतलं, तिला खाली उतरवलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पहिल्यांदा आवाज चढवून बोलली.

"मम्मी, माझ्यापासून काही लागत नाही तिला. महिना झाला मी गोळ्या खाते. तुम्ही रात्रभर खोकता. मला इथे वर ऐकू येते. आणि माझी पोरगी तुमच्या छातीला असते. एक्स-रे काढून घ्या. हात जोडते तुम्हाला."

पाहा! स्वतःचा रोग लपवायला सासूचा खोकला काढते. संध्याकाळी गजेंद्रला सारं सांगितलं. तो म्हणाला, "आई, काढून घे ना मंग एक्स-रे, काय जाते?" बायकोनं भरवलं त्यालाही.

मी आता दुर्वाला क्षणभर सोडत नाही. काम करतानाही माझ्याजवळच बसवते, पापडाच्या खोलीत. दार लावून घेते.

२३ फेब्रुवारी

दुर्वाला संध्याकाळी बारीक ताप येतो. खात नाही. चिमणीसारखे हात झाले. जवळच्या डॉक्टरनं सर्दीचं औषध दिलं, मग दुसरं दिलं. अंगणवाडीच्या बाईनं वजन केलं आणि तोंड वाकडं केलं, दिवाळीला होती तिथेच आहे म्हणे पोरगी, उलट उतरली.

हे त्या वरणभाताचं आहे. मी सांगत होते.

४ मार्च

दवाखान्यातून लिहिते आहे. परवा दुर्वा दिवसभर डोळे उघडीना, तेव्हा अश्विनीनं मला न विचारता तिला उचललं आणि गजेंद्रच्या गाडीवर बसून निघाली. मी मागून ऑटोनं आले. मुलांच्या वॉर्डात भरती केलं. छातीच्या एक्स-रेमध्ये डाग आहे, श्वासनळीजवळच्या गाठी सुजल्या आहेत.

लहान लेकरांना बेडका काढता येत नाही, ते गिळून टाकतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढतात. नर्सनं मला बाहेर जा म्हटलं, मी गेले नाही. अश्विनीनं दोन्ही हात धरले, नर्सनं डोकं. नळी आत जाताना दुर्वाचा आवाजच बंद झाला, नुसतं तोंड उघडं. मग सिरिंजमध्ये ते आलं, चिकट, फेसाळ, हिरवट. मी आयुष्यभर असल्या गोष्टींकडे पाठ फिरवली आहे. आज पाहत राहिले. माझी नात आमच्याकडे बघत होती, आईकडे आणि माझ्याकडे, की तुम्ही दोघी असून हे होऊ कसं देता.

नंतर तीच डॉक्टरीणबाई आली. फाइल वाचली. "आईचा गाठीचा टीबी. तिच्याकडून नाही आला हिला. लेकरू झोपतं कोणाजवळ?"

अश्विनी माझ्याकडे न पाहता दुर्वाच्या नाकावरची पट्टी नीट करत होती.

"माझ्याजवळ," मी म्हणाले. आणि नेमका तेव्हाच खोकला आला. तो दाबायचा मी इतका प्रयत्न केला की डोळ्यांतून पाणी आलं.

डॉक्टरीणबाईनं खिशातून मास्क काढून माझ्या हातात दिला. "लावा. आणि आत्ता, याच मिनिटाला, एक्स-रेला चला माझ्यासोबत."

परके पुरुष होते तिथे. काही वाटलं नाही. पाटी गार होती.

५ मार्च

पडद्यावर मला माझी छाती दाखवली. वरच्या बाजूला, उजवीकडे, काळा खड्डा. पोखरलेल्या कणसासारखा. "बऱ्याच महिन्यांचं आहे हे," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"माझा बेडका तर निगेटिव्ह होता."

"बेडका दिला होता, की थुंकी?"



पुन्हा डबी दिली. इमारतीच्या मागे उघड्यावर उभं राहून द्यायचा. मी चूळ भरली, श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. वाकले. पोटातून जोर लावला. आईची आठवण आली, खाकरू नये म्हणणारी. मग ते आलं. डबीत पडलं त्याचा आवाज झाला. पिवळं, घट्ट, आणि मधून लाल धागा.

मी झाकण न लावता किती वेळ पाहत उभी राहिले कोणास ठाऊक. हे माझ्या आत होतं. लोकांच्या पिचकाऱ्यांपासून पदर सांभाळत जिने उतरले, सुनेचा अभ्रा चिमट्यानं उचलला, फिनेल ओतलं, आशाबाईची नखं तपासली, आणि हे माझ्या आत होतं. मी आंघोळ करत होते तेव्हाही. दुर्वाच्या तोंडाला तोंड लावून गोष्ट सांगत होते तेव्हाही.

भिंतीपाशी जाऊन ओकले. दुसऱ्या कोणाच्या घाणीनं इतकं कधी ओकले नव्हते.

९ मार्च

बेडका तपासायच्या मशीननं दोन तासांत सांगितलं: टीबी आहे, नेहमीच्या गोळ्यांना जुमानणारा आहे. हे दुसरं ऐकून डॉक्टरीणबाईला बरं वाटलं. गोळ्या सुरू झाल्या. दुर्वालाही सुरू झाल्या, पाण्यात विरघळणाऱ्या. तिचा ताप कालपासून उतरला. आज बिस्किट मागितलं.

मी डॉक्टरीणबाईला विचारलं, आधी मला झाला की आधी अश्विनीला? म्हणाली, नक्की सांगता येत नाही, पण छातीचा टीबी तुमचा आहे आणि खड्डा जुना आहे. मला कोणाकडून आला हे मी दोन दिवस आठवते आहे. एकेक खोकणारा माणूस आठवला. नाव सापडत नाही. ज्याच्याकडून आला त्यालाही आपण चांगले धडधाकट आहोत असंच वाटत असेल.

दुर्वाला सुट्टी मिळाली, आणि अश्विनी तिला घेऊन माहेरी निघाली, साखरखेर्ड्याला. तिची आई रुख्मिणी न्यायला आली होती. माझा बेडका साफ होईपर्यंत लेकरू इथे नको, असं डॉक्टरीणबाईनंच सांगितलं आहे. तसं सांगितलं नसतं तरी ती गेली असती.

मी अंगणात लांब उभी होते, मास्क लावून. दुर्वानं "आजी" म्हणून हात पुढे केले. मी जागची हलले नाही. आयुष्यात एवढं कठीण काम केलं नसेल.

अश्विनी दोन पावलं माझ्याकडे आली. "मम्मी, राग नाही असं नाही म्हणणार मी. खूप राग आहे. तो जाईल का नाही, माहीत नाही. पण गोळी एक दिवस सोडू नका. तुमच्यासाठी नाही म्हणत. मला माझं लेकरू घेऊन या घरात परत यायचं आहे, म्हणून म्हणते."

"येजो," मी म्हणाले.

ती गेल्यावर गजेंद्र घरात शिरला आणि खिडक्या उघडू लागला. माझ्या खोलीची खिडकी रंगानं चिकटली होती. हातोडीनं ठोकून ठोकून उघडली. पापडाच्या खोलीच्या दोन्ही उघडल्या. मग तिथेच जमिनीवर बसला, पाठमोरा. माझा पोरगा रडताना मी त्याच्या बापाच्या वेळीच पाहिला होता.

१३ मार्च

माझी लघवी नारिंगी होते. पहिल्या दिवशी दचकले, मग एकटीच बसून राहिले.

परवा धम्मरत्न आला होता. मी त्याला स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, बाहेर ओट्यावर. त्यानं घेतलं आणि अर्धं प्यायला. त्यानं विचारलं, तुमच्यासोबत बंद खोलीत कोण कोण बसत होतं? मी चौघींची नावं सांगितली. तो म्हणाला, तुमचं नाव काढणार नाही. वस्तीत तपासणी आहे म्हणून बोलावतो त्यांना.

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर खूप बरं वाटलं. धंदा वाचेल असं मनात आलं.

पण आज त्याचा फोन. एकही बाई आली नाही. आशाबाई म्हणाली म्हणे, आमाले काय झालं, आम्ही चांगल्या हाओत, कामाचे दिवस हायेत, कोन रिकामं हाये?

दुसऱ्या कोणी सांगून त्या यायच्या नाहीत.

१४ मार्च

सकाळी गोळ्या घेऊन आशाबाईकडे गेले. पायी. मास्क लावून. ती अंगणात बसून सुपात हरभरा निवडत होती आणि तिचा नातू शेजारी मातीत खेळत होता.

"या ना बेबीताई, अशा काऊन उभ्या?"

"मी इथूनच बोलते," मी म्हणाले. "आशा, मले टीबी निघाला. छातीचा. लय महिन्यापासून होता. मी तुमच्यासंग बंद खोलीत बसून खोकत होती. दुर्वाले झाला. तुम्ही साऱ्याजनी तपासून घ्या. सोमवारी मशीन येते."

तिचा चेहरा मी पाहिला. ओठ मागे गेले, नाक आक्रसलं. पदर तोंडावर गेला. ती नजर मी ओळखते, आतून ओळखते. तिनं नातवाला एका हातानं उचललं, हरभऱ्याचं सूप लाथेनं सांडलं, आत गेली आणि दार लावलं.

मी उभी राहिले. निघायला वळले तेव्हा दाराआडून आवाज आला.

"सांगाच्या आधी साऱ्या गावाचे नखं पाहत होत्या."

"हाव," मी म्हणाले.

मी दोन पावलं टाकली. मग, "किती वाजता येते ते मशीन?"

"नवाले."

बाकीच्या तिघींच्या घरीही गेले. एकीच्या नवऱ्यानं शिव्या दिल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत सगळ्यांना कळलं होतं. एका दुकानदारानं माझ्या पापडांची पाकिटं परत पाठवली, फाटकाबाहेर ठेवून गेला, बेल न वाजवता. पापड तळला की त्यात काही राहत नाही, आणि टीबी पापडातून जातही नाही, हे मला आता माहीत आहे. मी त्याला सांगायला गेले नाही. दोन महिन्यांपूर्वी मला कोणी सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का?

१६ मार्च

एक्स-रेचं मशीन आलं. हातात धरायचं, कॅमेऱ्यासारखं, शाळेच्या व्हरांड्यात लावलं होतं. धम्मरत्न खुर्च्या लावत होता आणि त्याचा फोन वाजत होता.

चौघीही आल्या. घरची माणसंही घेऊन आल्या. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. त्या एका बाजूला घोळका करून उभ्या राहिल्या, मी मैदानात एकटी. मी गेले नसते तरी चाललं असतं, पण मला पाहायचं होतं की त्या येतात.

एकेक आत गेली. तिघी साफ निघाल्या. मशीन लगेच सांगतं. चौथी आशाबाई. तिला बाहेर यायला वेळ लागला. धम्मरत्न तिच्या मागून आला, तिच्याशी हळू आवाजात बोलला. तिच्या छातीत एक पुसटसा डाग दिसतो आहे. काही असेल, काही नसेल, जुना असेल. डबी दिली तिला. रिपोर्ट परवा.

ती पायऱ्या उतरली आणि माझ्यासमोर, चार-पाच हातांवर, थांबली. आम्ही पहिल्यांदा पीठ मळलं तेव्हा तिचे केस काळे होते.

"तो पोरगा म्हने, श्वास रोखून धरा," ती म्हणाली. "मी म्हतलं, बापू, परवापासून रोखूनच बसली मी."

ती हसत नव्हती. मला तिचा हात धरावासा वाटला. जन्मात कोणाचा हात धरताना मी आधी आपला पुसला नाही असं झालं नाही, आज तसाच धरला असता.

वारा माझ्या पाठीकडून तिच्याकडे जात होता. मी मास्क वर ओढला, मैदानाला वळसा घातला आणि तिच्या दुसऱ्या बाजूला, वारा तिच्याकडून माझ्याकडे येईल अशी, जाऊन उभी राहिले.